परिसरातलं एक उदाहरण

मु. पो. (गावाचं नाव तुला ठाऊक आहे, पत्र वाटेत कुणाच्या हाती लागेल ते मला ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही)
ता. भुदरगड, जि. कोल्हापूर
रविवार, निकालानंतरचा

आदरणीय शालूमावशीस,
संघप्रियाचा सविनय जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं, तर तू त्यांनाच 'मग दवाखाना वरच्या मजल्यावर कशाला काढलात' म्हणून सुनावलंस, असं आईकडून कळलं. बरं केलंस. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? (घालत नसणार. आयुष्यभर मुख्याध्यापिका राहिलेल्या माणसाला कुणी वेळापत्रक लावून दिलेलं चालत नाही.) आईची तब्येत ठीक आहे, फक्त कुणी विचारपूस केली की ती बिघडते. माझी तब्येत उत्तम. नोकरी आहे की नाही ते जूनमध्ये कळेल. ते असं का, हे सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं आहे. तेव्हा चष्मा लाव आणि शांतपणे वाच.

प्रकरण प्रशिक्षणापासून सुरू झालं. (आपल्या खात्यात सगळी प्रकरणं प्रशिक्षणापासून सुरू होतात आणि अहवाल पाठवला की संपतात. हे मात्र अहवालाच्या पुढं गेलं.) दिवाळीची सुट्टी संपल्या संपल्या आम्हा सगळ्या विषयशिक्षकांना गारगोटीला बोलावलं. विषय होता, 'शालेय विषयांच्या अध्यापनात विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक भाषेच्या गरजांना आधार'. पुण्याहून एक तज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं (थोडक्यात मी सांगते आहे, त्यांनी नव्हतं सांगितलं) की पोरं घरात एक मराठी बोलतात, पुस्तक दुसरी मराठी बोलतं आणि प्रश्नपत्रिका तिसरीच. विज्ञानाची भाषा वेगळी, इतिहासाची वेगळी, भूमितीची तर बघायलाच नको. पोराला विषय कळलेला असतो पण त्या विषयाची भाषा येत नसते, आणि मार्क तर भाषेला पडतात. म्हणून ती भाषा शिकवणं हे एकट्या मराठीच्या शिक्षकाचं काम नसून ज्याच्या त्याच्या विषयाच्या शिक्षकाचं आहे. मुलाला आधी त्याच्या बोलीत सांगू द्यावं आणि मग हाताला धरून पुस्तकाच्या भाषेपर्यंत न्यावं. इतकी सरळ गोष्ट! पण मॅडमनी ती 'भाषिक आधारसंरचनेचं टप्पेनिहाय विसर्जन' अशा शब्दांत सांगितली. विसर्जन ऐकून आमचे शारीरिक शिक्षणाचे धैर्यशील सर जागे झाले आणि मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाणार म्हणून मला विचारू लागले. मुलांची भाषा सोपी करा, हे आम्हाला कुणालाही न समजणाऱ्या भाषेत ऐकवण्यात दिवस गेला. जेवण मात्र चांगलं होतं.

हसले मी पुष्कळ, पण मावशी, ती गोष्ट डोक्यातून जाईना. कारण माझ्या वर्गात मोना आहे. नववीतली. आई-वडील पुण्याकडं कारखान्यात कामाला, ही इथं आजीपाशी राहते. आजी म्हणजे बाळाबाई. दोन म्हशी, थोडी शेती आणि भरपूर आवाज. आता या मोनाला एकदा मी विचारलं की लोखंडाचा खिळा बुडतो आणि लोखंडाचंच जहाज तरंगतं, असं का? सगळा वर्ग पुस्तकाची पानं उलटायला लागला. ही उठली आणि म्हणाली, "पाणी खालनं ढकलतंय की मॅडम. पर खिळा लई थोडं पाणी बाजूला सारतोय, म्हणून त्याला ढकलाय तेवढंच पाणी मिळतंय. जहाज ढीगभर सारतंय." मी खडू खाली ठेवला. आठवीच्या पुस्तकात हेच पानभर लिहिलंय आणि माझ्या निम्म्या वर्गाला ते पाठ असून कळलेलं नाही. सहामाहीच्या पेपरात उजळणी म्हणून हाच प्रश्न आला. मोनानं हेच उत्तर, ह्याच शब्दांत लिहिलं. पेपर तपासायला होते आमचे मुख्याध्यापक विजयसिंह सर. त्यांनी शून्य दिला आणि शेजारी तांबड्या शाईनं लिहिलं, 'भाषा!' मी भांडायला गेले तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार असंल की. पर बोर्डाला हुशारी लागत न्हाय, उत्तर लागतंय."

आता तुला आमच्या शाळेचा शंभर टक्के निकाल माहीत आहेच. (नसेल तर गारगोटीच्या रस्त्याला लागलीस की फ्लेक्सवर दिसेल. दर वर्षी टक्के तेच, फक्त चेअरमनसाहेबांचा फोटो मोठा होतो.) हा निकाल कसा लागतो, ते फ्लेक्सवर नसतं. तो दहावीत लागतच नाही, नववीत लागतो. ज्या पोरांमुळे आकडा खाली येईल असं वाटतं, त्यांना नववीतच बाजूला काढायचं आणि 'सतरा नंबर भरा' म्हणून सांगायचं. सतरा नंबर म्हणजे शाळेच्या नावावर न बसता बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज. वर्ग नाही, शिक्षक नाही, घरी बसून काय येईल ते करायचं. मुली त्यातून बहुतेक लग्नालाच बसतात. डिसेंबरात सरांनी अशा पोरांची नावं स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. मोनाचं नाव त्यात होतं. मला इतका राग आला की धैर्यशील सरांनी माझ्या समोरचा पाण्याचा तांब्या हळूच उचलून लांब ठेवला.

तेवढ्यात 'भाषिक आधार' आमच्या शाळेत अवतरला. वरून आदेश आला की प्रत्येक वर्गात 'शब्दभिंत' हवी, म्हणजे विषयातले महत्त्वाचे शब्द मुलांच्या डोळ्यांसमोर लावायचे. विजयसिंह सर कोणत्याही कामात मागं राहत नाहीत, त्यांनी थेट कोल्हापुराहून फ्लेक्स करून आणला. मावशी, तो फ्लेक्स बघायला तरी तू एकदा येच. डाव्या बाजूला आमच्या शिक्षण संस्थेचे चेअरमन सयाजीराव, फेटा बांधून, दोन्ही हात जोडून. (गावच्या दूध संस्थेचेही चेअरमन तेच. गावात खुर्ची दिसली की ती सयाजीरावांची समजायची आणि आपण उभं राहायचं.) उजव्या बाजूला विजयसिंह सर, मोबाईल कानाला लावून. वर 'भव्य शब्दभिंत उद्घाटन सोहळा'. खाली शुभेच्छुक म्हणून सगळी संचालक मंडळी, प्रत्येकाचा गॉगल वेगळा. आणि ह्या सगळ्यांतून जी बोटभर जागा उरली तिच्यात घनता, बल, दाब, आकारमान. मागच्या बाकावरून दिसत नाहीत. वार्षिक परीक्षेला अडचण आली, कारण भिंतीवर शब्द असणं म्हणजे कॉपी. फ्लेक्स झाकायचा तर चेअरमनसाहेबांच्या तोंडावर कापड कोण टाकणार? शेवटी शिपाईमामांनी शब्दांपुरतीच चादर टाचली. सबंध परीक्षाभर पोरांना आधार म्हणून फक्त चेअरमनसाहेब दिसत होते.

मी माझ्यापुरतं वेगळं केलं. फ्लेक्सकडं पाठ केली आणि वर्गाला तीन पायऱ्या दिल्या : निरीक्षण, अनुमान, कारण. काय दिसलं, त्यावरून काय वाटतं, आणि तसं का. आधी घरच्या बोलीत शेजारच्याला सांगायचं, शेजारच्यानं ते पुस्तकी मराठीत फिरवायचं, मग दोघांनी मिळून लिहायचं. 'असल्यामुळे', 'परिणामी', 'तथापि' असे जोडशब्द मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची, लागेल तसा उचलावा. पहिले आठ दिवस नुसता गोंधळ. मग पोरांना त्याची अशी चटक लागली की काय सांगू! एकानं घरी आईला ऐकवलं, "निरीक्षण : भाकरी करपली आहे. अनुमान : तू मोबाईल बघत होतीस." कारण सांगायच्या आत त्याला उलथनं बसलं. कबड्डीत हरून आलेल्या पोरांनी धैर्यशील सरांना हरण्याचं असं शास्त्रशुद्ध स्पष्टीकरण दिलं की सरांना रागावायला जागाच सापडेना, तेव्हा त्यांनी सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावलं. पालकसभेत चार-पाच आया तावातावानं आल्या आणि म्हणाल्या, मॅडम, पोरं घरात कोर्टात बोलल्यासारखी बोलाय लागलीत, ह्यांस्नी पयल्यासारखं करा. एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला आजवर मिळालं नव्हतं.

मोना मात्र अडून बसली. तोंडी सगळं यायचं, पण पुस्तकी वाक्य उच्चारायचं म्हटलं की मान खाली. एकदा चिडून म्हणाली, "आमी बोलतोय त्यात वाईट काय हाय, मॅडम? पुस्तकाचं उत्तर बरोबर आन् माझं चूक, असं कसं?" वाईट काहीच नाही, असं म्हटलं, पण शून्य मिळालेल्या पोरीला ते सांगून काय उपयोग? शेवटी म्हटलं, शेतात जाताना तू एक चप्पल घालतेस आणि लग्नाला जाताना दुसरी, पाय तुझेच असतात की नाही? तिला ते पटलं नाही (मलाही फारसं पटलं नव्हतं), पण दुसऱ्या दिवसापासून ती मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन बसू लागली. आधी एक वाक्य, मग दोन. फेब्रुवारीपर्यंत पोरीची गाडी अशी सुटली की 'तथापि' म्हटल्याशिवाय ती डबा उघडत नव्हती. मावशी, वर्गात उभं राहून डोळ्यांत पाणी येणारी मी नाही, पण त्या दिवसांत मला फार बरं वाटायचं.

आणि मग मार्चात तज्ज्ञ मॅडम आमच्याच शाळेत आदर्श पाठ बघायला येणार, असा निरोप आला. आदर्श पाठाची रीत तुला काय सांगायची? पाहुण्यांसमोर नवीन काही शिकवायचं नसतं. आदल्या वर्षी झालेला धडा घ्यायचा, तोही पंधरा दिवस रोज शिकवून. प्रश्न कुणाला विचारायचा ते ठरलेलं, उत्तर ठरलेलं, 'वा, छान' कधी म्हणायचं तेही ठरलेलं. फक्त पोरांना नवल वाटल्यासारखं तोंड करायचं असतं आणि ते त्यांना येत नाही. सरांनी माझा पाठ ठरवला, आठवीतला आर्किमिडीज, नववीच्या वर्गाला. उदाहरणही ठरवून दिलं, जहाज. (आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही.) आणि जाता जाता म्हणाले की त्या दिवशी मोना आणि सतरा नंबरवाल्या पोरांना सुट्टी द्या. मी म्हटलं, मोना वर्गात बसेल. एवढंच नाही, तर तिनं पाहुण्यांसमोर पुस्तकी भाषेत बिनचूक उत्तर दिलं तर तिला दहावीत घालायचं. सगळा स्टाफ बघत होता. सर हसले, म्हणाले, दिला शब्द. त्यांना वाटलं, पोरगी तोंडच उघडणार नाही.

पाठाच्या दिवशी शाळेला लग्नघराची कळा. तज्ज्ञ मॅडमना फेटा, चेअरमनसाहेबांना फेटा, विजयसिंह सरांनी स्वतःच स्वतःला बांधून घेतलेला. वर्गात पुढच्या रांगेत सोफा. धैर्यशील सर मोबाईलवर सगळं शूट करत होते, कारण शाळेच्या, पालकांच्या, दूध संस्थेच्या आणि गावातल्या यच्चयावत ग्रुपवर ते लगोलग टाकण्याची सरांची सक्त ताकीद होती. पाठ सुरळीत चालला. जहाज तरंगलं, खिळा बुडाला, सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे नवल केलं. एवढ्यात तज्ज्ञ मॅडम उठल्या आणि रीत मोडून त्यांनी स्वतःच प्रश्न विचारला, "बाळांनो, जहाज राहू द्या. तुमच्या परिसरातलं एखादं उदाहरण सांगा बरं."

परिसरातलं उदाहरण आम्ही बसवलं नव्हतं. पोरं माझ्याकडं बघू लागली. विजयसिंह सरांच्या फेट्याखालून घाम निघाला. आणि मागून मोना उठली. हात मागं, मान वर, आणि एका दमात म्हणाली (व्हिडिओ माझ्याकडे आहे, म्हणून शब्द न् शब्द लिहिते; दुग्धतामापी म्हणजे डेअरीत दूध तपासायला सोडतात ती काचेची नळी), "निरीक्षण : आमच्या गावातील दूध संस्थेत सर्वसाधारण सभासदांच्या दुधात दुग्धतामापी ठरावीक खुणेपर्यंत बुडते. संस्थेच्या माननीय अध्यक्षांच्या घरून येणाऱ्या दुधात मात्र ती त्याहून अधिक खोल बुडते. अनुमान : माननीय अध्यक्षांच्या दुधाची घनता तुलनेने कमी आहे. कारण : पाण्याची घनता दुधापेक्षा कमी असल्यामुळे, पाणी मिसळले असता मिश्रणाची घनता घटते. परिणामी तरंगण्यासाठी दुग्धतामापीस अधिक आकारमानाचे द्रव बाजूला सारावे लागते. तथापि, सर्वाधिक दर त्याच दुधास मिळतो."

मावशी, मी आधी धैर्यशील सरांच्या मोबाईलकडं बघितलं. विजयसिंह सरांचा चेहरा चुन्याच्या डबीसारखा पांढरा. आणि सोफ्यावर चेअरमनसाहेब टाळ्या वाजवत होते! कडाडून. त्यांच्या कानावर 'माननीय अध्यक्ष' दोनदा आणि 'सर्वाधिक' एकदा पडलं होतं. मधलं सगळं त्यांनी सत्कारसमारंभात जसं ऐकतात तसं ऐकलं. चेअरमननी टाळी वाजवली म्हटल्यावर संचालकांनी वाजवली, संचालकांनी वाजवली म्हणून विजयसिंह सरांनी वाजवली, रडवेल्या तोंडानं. तज्ज्ञ मॅडम तर हरखूनच गेल्या. 'परिणामी' किती सहज आलं, 'तथापि' किती अचूक पडलं, असं त्या मला पुन्हापुन्हा सांगत होत्या. पोरगी काय बोलली, हे त्यांनी विचारलंच नाही. भाषेकडं इतकं बारकाईनं लक्ष देणारी बाई मी पाहिली नाही. मग चेअरमनसाहेब उठले, त्यांना नुकतीच घातलेली शाल त्यांनी मोनाच्या खांद्यावर टाकली आणि माईक मागवून म्हणाले, "आपल्या दुधाचं नाव आज ह्या पोरीनं पुण्यापत्तूर न्हेलं. अशी पोरं तयार व्हायला पाहिजेत!" धैर्यशील सरांनी तेही शूट केलं आणि ताकीद होतीच म्हणून सगळ्या ग्रुपवर टाकलं. धैर्यशील सर आज्ञाधारक आहेत.

आता पुढचा भाग. चेअरमनसाहेबांचा नातू ऋतुराज माझ्याच वर्गात आहे. ह्या पोराला वर्षभर मी काही विचारलं की तो खिडकीकडं बघायचा. पण तीन पायऱ्या त्याच्याही डोक्यात कधी उतरल्या, मला कळलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी घरात सगळे व्हिडिओ बघत कौतुक करत बसले असताना ह्या पठ्ठ्यानं आजोबांना मोनाचं उत्तर फोड करून सांगितलं. पेल्यात दूध घेऊन, त्यात पाणी ओतून, साध्या सोप्या मराठीत, कारणासकट. आयुष्यात पहिल्यांदा पोराला एक अख्खा धडा समजला होता, तो आनंदानं सांगत सुटला. पुस्तकाच्या भाषेतून घरच्या भाषेत इतकं नीट उतरवलेलं उत्तर माझ्या वर्गात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. मार्क द्यायचे तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. आजोबांनी कानफटात दिली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी चेअरमनसाहेब ऑफिसात हजर. "पोरीला हे कुणी शिकीवलं?" मी म्हटलं, आर्किमिडीज मी शिकवलं, दूध ती रोज सकाळी डेअरीवर घालायला जाते तेव्हा बघते. "मग माझं नाव कशाला घ्याचं?" मी म्हटलं, साहेब, नाव घेतलं नाही, हुद्दा घेतला, आणि माननीय म्हणून घेतला. (हे बोलायला नको होतं, मला कळतं. पण जीभ माझी तुझ्यावर गेलीय.) व्हिडिओ खोटा म्हणावा तर त्यात साहेब स्वतः टाळ्या वाजवताना दिसतात. पोरगी खोटारडी म्हणावी तर शाल साहेबांचीच. तिकडं दूध संस्थेत सभासद म्हणू लागले की सगळ्यांचं दूध सगळ्यांसमोर तपासा, तर दुग्धतामापी 'दुरुस्तीला' गेली. (काचेच्या नळीत काय दुरुस्त करतात ते धैर्यशील सरांनाही सांगता आलं नाही.) आणि बाळाबाईंचं दूध डेअरीनं 'डिग्री लागत न्हाय' म्हणून परत पाठवायला सुरुवात केली. तपासायची नळी दुरुस्तीला असताना डिग्री कशानं बघितली, हे विचारायला बाळाबाई डेअरीच्या दारात उभ्या राहिल्या आणि जे बोलल्या ते कोणत्याच भाषेतून पत्रात लिहिता येत नाही.

परवा निकाल लागला. विजयसिंह सरांनी मला बोलावलं आणि मोनाचं प्रगतिपत्रक पुढं सरकवलं. पास. विज्ञानात वर्गात पहिली. मी उठून उभीच राहिले. तर सर म्हणाले, "शब्द पाळला का न्हाय, मॅडम?" आणि त्या प्रगतिपत्रकाखालून दुसरा कागद पुढं केला. शाळा सोडल्याचा दाखला, सहीशिक्क्यासह तयार. दहावीला आमच्याकडे जागा नाही म्हणे. दहावीत घालायचं ठरलं होतं, आमच्याच दहावीत असं ठरलं नव्हतं. तालुक्यात दुसऱ्या शाळांत चौकशी केली, तर सगळीकडं कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर चेअरमनसाहेबांचे पाहुणेच बसलेले. मी सरांना म्हटलं, पोरीनं चूक काय केली? ते खरंच विचारात पडले, आणि पहिल्यांदाच मला त्यांची कीव आली. म्हणाले, "चूक कुठं केली? उत्तर बरोबरच हाय. माझ्याबी घरी डेअरीचंच दूध येतंय."

असो. बाकी सर्व खुशाल. गुडघ्याला तेल लाव, थेंब घाल, आणि शेजारच्यांशी भांडण मिटलं नसेल तर माझ्यासाठी थोडं शिल्लक ठेव.

तुझी,
संघप्रिया

ता. क. : मलाही नोटीस आली आहे. 'अध्यापनात परिसरातील अनावश्यक उदाहरणांचा वापर केल्याबद्दल' खुलासा मागितला आहे. त्याच टपालानं तज्ज्ञ मॅडमचंही पत्र आलं. मोनाचा व्हिडिओ त्यांनी राज्यभर प्रशिक्षणात दाखवायला निवडला आहे. माझं मी बघते, काळजी करू नको. एक शाळा गेली तर विज्ञान संपत नाही.

ता. क. दुसरा : खरं सांगायचं तर पत्र एवढ्यासाठी नाही. तू जिथं मुख्याध्यापिका होतीस त्या शाळेत तुझा शब्द अजून चालतो. मोनाला तिथं दहावीला प्रवेश हवा, आणि वर्षभर राहायला तुझं घर हवं. बाळाबाईंना मी हे सुचवलं तेव्हा त्यांनी विचारलं, मावशी कोण, कुठल्या? मी आपण कोण आहोत ते आडपडदा न ठेवता सांगितलं. बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तांदूळ आमचा देतो." मला वाटलं, झालं, शिवाशीव आली. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तसं न्हवं, बाय. पोरगी लई खातीया, त्यांच्या घराला भार व्हाय नगो म्हणून म्हणतो." मी रस्त्याला लागल्यावर पुष्कळ वेळ एकटीच हसत होते, आणि मग रडले.

ता. क. तिसरा : फोनवर विचारलं असतं तर तू गुडघा, जिना, वय अशी कारणं सांगितली असतीस आणि ती सगळी खरी असती. म्हणून हे पत्र पोस्टानं पाठवलेलं नाही. तू हे वाचते आहेस तेव्हा तुझ्या दारात तांदळाचं पोतं पायाशी ठेवून जी मुलगी उभी आहे, ती मोना. मोठ्या माणसांचं वाचून होईपर्यंत मधे बोलू नको, असं मीच तिला बजावून पाठवलं आहे, त्यामुळं ती काही मागणार नाही. पहाटेच्या एसटीनं निघाली आहे, तेव्हापासून उपाशी असेल. परतीच्या तिकिटाचे पैसे मी तिला दिलेले नाहीत. पत्र खाली ठेव आणि तिला आत घे.